खिळेकाकांनी नाहीशी केलेली वायर

खिळेकाकांचं खरं नाव फक्त घरावरच्या पाटीवर उरलं होतं, आणि पाटी कुणी वाचत नसे. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा मढवण्यात त्यांची हयात गेली. स्टेपल गन येण्याआधी या धंद्यातली माणसं बारीक खिळे तोंडात धरून काम करायची. मूठभर खिळे गालात टाकायचे, जिभेनं एकेक पुढे सरकवायचा, ओठांतून लोहचुंबकाच्या हातोडीवर उचलायचा आणि ठोकायचा. दुसरा हात कापड ताणायला मोकळा. त्यामुळे दिवसभर काकांचं बोलणं म्हणजे मिटल्या ओठांतला एक हुंकार. गिऱ्हाईक विचारायचं, "गुरुवारपर्यंत होईल का?" काका म्हणायचे, "हं." त्या हंमध्ये 'होईल', 'बघू' आणि 'तुमचं डोकं ठिकाणावर आहे का' असे सगळे अर्थ मावायचे, आणि गिऱ्हाईक आपल्या सोयीचा उचलून घरी जायचं.

पुढे हवेच्या दाबावर चालणारी गन आली. तोंड रिकामं झालं, पण तोवर बोलण्याची सवयच गेली होती. "खिळे गेले, गंज तेवढा राहिला," असं काकू म्हणायच्या. काकूंना बोलण्याची सवय होती. घरातलं दोघांच्या वाट्याचं बोलणं त्या एकट्या उरकायच्या आणि वर वेळ शिल्लक राहायचा.

गावातल्या भल्याभल्या माणसांची काकांना तोंडओळख कमी, बैठकीची ओळख जास्त. न्यायाधीशबाई डावीकडे कलून बसतात, हे त्यांना सोफ्याच्या दबलेल्या फोमवरून ठाऊक होतं. व्यायामशाळेच्या मालकाच्या आरामखुर्चीच्या फटीतून वर्षानुवर्षांचा बिस्किटांचा चुरा निघाला होता. कुणी एखाद्याचं फार कौतुक करू लागलं की काका म्हणायचे, "असेल मोठा. बूड सगळ्यांसारखंच आहे. मी बघितलंय." म्हणजे खुर्चीवरून, असा खुलासा काकूंना घाईघाईनं करावा लागे.

एका बाबतीत मात्र ते कुणाचंच ऐकत नसत. कोपरा. कुठेही गेले तरी घरच्या माणसांआधी त्यांची नजर सोफ्याच्या कोपऱ्यांवर जायची. कापड तिथे फुगलेलं असलं, चुणी दिसत असली, की दिलेल्या चहाची चवही त्यांना लागत नसे. कोपरा सपाट दबून बसलेला पाहिजे. हात फिरवला तर वळण कळावं, जाडी कळू नये.

त्यांची एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात राहायची, मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत. काम सिनेमाच्या आवाजांचं. चित्रीकरणात माणसांच्या बोलण्यात मिसळलेले पंखे, गाड्या, कुत्री असे सगळे आवाज वेगळे काढायचे आणि बोलणं स्वच्छ करायचं. काकू शेजारणीला समजावायच्या, "सिनेमात कुणी बोलत असलं की ही मागचा पंखा बंद करते. बटणाला हात न लावता. पगार देतात त्याचा."

एक दिवस तिचा फोन आला. "बाबा, हे काम आता घरून करता येईल मला. फायली भल्यामोठ्या असतात, नेट दणकट पाहिजे. थोडे दिवस राहून बघते. जमलं तर इथली खोली सोडते. नाही जमलं तर परत येते इकडे."

"हं," काका म्हणाले.

फोन ठेवून ते दुकानात गेले आणि होता नव्हता तेवढा फोम घरी घेऊन आले. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून मागची खोली त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत मढवून काढली. फोम, वर अस्तर, वर राखाडी कापड, ठरावीक अंतरावर बटणं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"ही खोली नाही हो. उलटा सोफा आहे. माणूस आत बसायचा."

"हं," काका म्हणाले, आणि त्यातला अर्थ काकूंना बरोबर कळला. मुलगी यायची होती. ती राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण हे बोलायचं म्हणजे पहिला शब्द कुठून काढायचा, तेच ठाऊक नव्हतं. फोम कुठून काढायचा ते ठाऊक होतं.

मुलगी येण्याआधी कंपनीचा माणूस येऊन नेट बसवून गेला. बाहेरची लाइन पुढच्या खोलीत दाराजवळ आली. तिथे त्यानं एक पांढरी डबी ठोकली. राउटर मात्र मागच्या खोलीत, मुलीच्या टेबलावर. डबीपासून राउटरपर्यंत जी वायर गेली, ती त्यानं दाराच्या चौकटीवरून, घड्याळाच्या मागून, पडद्याच्या दांडीला विळखा घालून, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी नेली. मग राउटरजवळ उभं राहून मोबाईलवर स्पीड मोजून दाखवला. काटा झपकन दुसऱ्या टोकाला गेला.

"बघा काका, विमान आहे विमान."

काकांचं काट्याकडे लक्ष नव्हतं. ते पडद्याच्या दांडीकडे बघत होते. एखाद्या सज्जन माणसाच्या घरात कुणी चप्पल घालून पलंगावर चढावं, तसं त्यांना वाटत होतं.

तो गेल्यावर त्यांनी वायर उतरवली. सोफ्याच्या कडेनं जी गोल कापडी दोरी फिरते तिला पायपिंग म्हणतात. आत सुतळी असते, वर तिरपी कापलेली कापडाची पट्टी शिवलेली असते. काकांनी सुतळीच्या जागी वायर घेतली. भिंतीच्या रंगाचं कापड निवडलं, मशीनवर बसून वायरीला अंगाबरोबर शिवलं, आणि ते पायपिंग भिंतीच्या तळाशी, लाकडी पट्टीच्या वर, पिना मारत मारत पार मागच्या खोलीपर्यंत नेलं. पिन नेमकी कापडाच्या कडेला, वायरीला धक्का नाही. फक्त कोपरे ऐकेनात. सुतळी वळते तशी वायर वळत नव्हती. दुमडली की फुगून यायची. काकांनी तिच्यावर लाकडी ठोकळा धरला आणि वरून हातोडीचे बेताचे घाव घातले, जसे ते आयुष्यभर घालत आले होते. फुगवटा बसला. मग पुढचा कोपरा. मग त्याच्या पुढचा.

संध्याकाळी मेहुणा आला. काकूंचा हा धाकटा भाऊ मोबाईलच्या कव्हरांचं दुकान चालवायचा, त्यामुळे सगळ्या नात्यागोत्यात तोच तंत्रज्ञ. त्यानं पांढरी डबी बघितली, मागे जाऊन राउटर बघितला, परत पुढे आला.

"भाऊजी, वायर कुठंय?"

एवढी मोठी पावती काकांना कुणी दिली नव्हती. त्या रात्री ते जेवताना उगीचच हसले. काकूंनी विचारलं, पोट बरं आहे ना.

मुलगी आली. मढवलेल्या खोलीत शिरली, दार लावलं, टाळी वाजवून बघितली. टाळीचा आवाज टाळीजवळच विरला. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे जरा ओले होते. काका लगबगीनं संडासात गेले.

मग तिनं कामाची पहिली फाइल डाउनलोडला लावली आणि चहा प्यायला आली. चहा झाला. आंघोळ झाली. आईचं शेजारच्या दोन घरांतल्या भानगडी सांगून झालं. फाइल होती तिथेच, म्हाताऱ्या बैलासारखी, एखादं पाऊल टाकून उभी.

"आई, किती हळू चाललंय हे."

"नवीन आहे ना. रुळेल," काकू म्हणाल्या.

नेट रुळलं नाही. मुलीनं राउटर बंद करून चालू केला. कॉम्प्युटर छोट्या वायरीनं सरळ राउटरलाच जोडला. फरक नाही. कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई इतकी गोड बोलत होती की काकूंना तिच्या लग्नाचं बघावंसं वाटलं. तिनं राउटर बंद करून चालू करायला सांगितला.

"केलाय."

"पुन्हा एकदा करून बघता का?"

पुन्हा केला. बाईनं आभार मानले आणि सेवेला किती गुण द्याल ते विचारलं.

मग मेहुण्याला बोलावणं गेलं. त्यानं खोलीत पाय ठेवताच निदान केलं. "भाऊजी, हा फोम. फोम लहरी पितो."

"मामा, कॉम्प्युटर वायरीनं जोडलाय. लहरींचा संबंधच नाही," मुलगी म्हणाली.

"तरी पितो," मामा म्हणाला. त्यानं राउटरचे कान वर केले, खाली केले, एक वर एक खाली केला. शेवटी आपल्या घरचा राउटर काढून आणला. तोही तसाच रखडला. मामाच्या घरी त्या दिवशी नेट नव्हतं आणि मामी काय बोलली ते त्यानं सांगितलं नाही.

कंपनीचा माणूस परत आला. पांढऱ्या डबीवरचे दिवे बघितले, आपल्या मोबाईलमध्ये काहीतरी बघितलं. "इथपर्यंत पूर्ण येतंय. लाइन आमची ठणठणीत आहे."

"राउटरही बदलून बघितला," मुलगी म्हणाली. "मग मधली वायरच उरते."

"वायर मीच टाकलेली. तेव्हा विमान होतं." त्यानं इकडेतिकडे बघितलं. "कुठंय हो वायर?"

काका खाली वाकले आणि भिंतीच्या तळाशी बोट दाखवलं. तो माणूस गुडघ्यांवर बसला. पायपिंगवरून हात फिरवत दारापर्यंत गेला, कोपऱ्याशी थांबला, परत आला.

"ही माझी वायर आहे?"

"तीच. मी फक्त कपडे घातलेत," काका म्हणाले.

"काका, इतक्या घरांत जातो मी, वायरीचा असा लाड कुणी केलेला बघितला नाही." त्यानं मोबाईल काढून कोपऱ्याचा फोटो घेतला, इतर गिऱ्हाइकांना दाखवायला. मग उठून पँट झटकली. "वायरीला तर काही झालेलं दिसत नाही. तक्रार वर पाठवतो. मोठे साहेब येतील पुढच्या आठवड्यात."

तो गेल्यावर मुलगी तिथेच जमिनीवर बसून राहिली. "बाबा, वायरीला काही झालं नसेल ना?"

"तिला काय धाड भरलीय," काका म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. मुलीनंही पायपिंगवरून बोट फिरवलं. कपाळावरचे केस मागे सारावेत तितक्या हलक्या हातानं. बापाच्या हातचं काम बिघडलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यापर्यंत थांबणं तिला शक्य नव्हतं. कामं तुंबली होती, आणि तिकडची मैत्रीण विचारत होती की खोलीतली तुझी जागा ठेवू की दुसरीला देऊ. शुक्रवारी कळवायचं होतं. गुरुवारी जेवताना मुलगी म्हणाली, "मी उद्या जाते. कुणाचा दोष नाही. इथे नाही जमत, एवढंच."

काकूंनी काकांकडे बघितलं. बोला काहीतरी, असं ते बघणं होतं. काकांनी पाणी मागितलं. पाण्याचा तांब्या त्यांच्याच हाताशी होता.

शुक्रवारी सकाळी ते दुकानात गेले, कारण घरात बॅग भरताना बघण्यापेक्षा ते बरं. दाताचे डॉक्टर आपली मोटारवाली आरामखुर्ची घेऊन आले होते. बटण दाबलं की पाठ मागे जाते आणि पाय वर येतात, तसली.

"मागे जाते, पण परत वर येत नाही," डॉक्टर म्हणाले. "काल माझी बायको आडवी झाली ती झालीच. शेजाऱ्यांना बोलावून उचलावी लागली."

काकांनी खुर्ची उलटी केली, तळाचं काळं कापड सोडवलं आणि आत हात घातला. सांगाड्याच्या कोपऱ्यात मोटारीची वायर कापडाखाली दाबलेली, अगदी पापडासारखी चपटी झालेली. त्यांना संताप आला. आठवडाभर कुणावरच काढता न आलेला सगळा एकदम बाहेर पडला.

"बघा, हे असं असतं. कुण्या गाढवानं वायरीवर हातोडी मारलीय. अहो, वायर म्हणजे काय सुतळी आहे का ठोकायला? आतली तार तुटते, वरून काही दिसत नाही. असल्या माणसाला हातोडी देतो कोण? याला गोठ्यात कामाला ठेवायला पाहिजे. तिथेही शेण नीट उचलायचा नाही."

डॉक्टरांनी त्यांचं बोलणं संपू दिलं. काकांना इतकं बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्हीच केलं होतं," मग ते म्हणाले. "मागे लाल कापड होतं, ते बदलून हे तपकिरी तुम्ही लावलंत."

काका खुर्चीत हात घालून तसेच राहिले. मग म्हणाले, "तरीच. कोपरा छान बसलाय."

आणि बोटांखालची ती चपटी वायर चाचपता चाचपता त्यांना दुसरी एक वायर आठवली. त्यांचं मन दुकानातून निघालं, घरी गेलं, पांढऱ्या डबीपासून सुरू झालं आणि भिंतीच्या कडेकडेनं एकेका कोपऱ्यावर ठेच खात मागच्या खोलीपर्यंत पोचलं.

"डॉक्टर, ही उद्या करतो," ते म्हणाले. "आज मला दुसरीकडच्या गाढवाला भेटायचंय."

वाटेत विजेच्या सामानाच्या दुकानातून त्यांनी तयार टोकांची लांबलचक वायर घेतली आणि काखेत मारून घर गाठलं. मुलगी मागच्या खोलीत दार लावून सामान आवरत होती. त्या दाराबाहेर ढोल वाजवला तरी आत ऐकू जाणार नव्हता, इतकी ती खोली चांगली मढवली होती. काकांच्या मनात आलं, गुपचूप बदलून टाकावी. कंपनीनं मागून काहीतरी केलं असेल, असं म्हणता येईल. ती गोड आवाजाची बाई तरी आभार मानून गप्प बसेल. ते पालथे पडले आणि पिना उपटू लागले. आपल्याच हातच्या पिना. एकही सहज निघेना.

काकूंनी स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. नवरा जमिनीवर आडवा आणि स्वतःचं काम स्वतः फाडतोय, असं दृश्य त्यांनी लग्नापासून बघितलं नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. हेही लग्नापासून पहिल्यांदाच.

काका दुसऱ्या कोपऱ्याशी पोचले तेवढ्यात मागचं दार उघडलं.

"बाबा? काय करताय?"

काका पालथेच राहिले. मान वळवून वर बघितलं तर आधी मुलीची पावलं दिसली, मग तिच्या हातातली बॅग.

"मी हाणली," ते म्हणाले.

"काय हाणलीत?"

"वायर. वळणावर फुगत होती. हातोडीनं बसवली."

मुलगी खाली बसली. सोडवलेल्या कापडातून चपटी झालेली वायर तिनं चिमटीत धरली. आतल्या बारीक तारा बोटांना कळत होत्या. काही एकसंध होत्या, काही नव्हत्या.

"किती कोपऱ्यांवर?"

"सगळ्या."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"तेव्हा ठाऊक नव्हतं. आत्ता दुकानात कळलं. कळल्यावर वाटलं, तुला न सांगता बदलावी."

"मग सांगितलं का?"

"न सांगायला वेळ पुरला नाही," काका म्हणाले. "अजून थोडा वेळ आत राहिली असतीस तर बोललो नसतो."

मुलीला हसू यायला लागलं होतं, पण ती रागावलेली राहायचा प्रयत्न करत होती. "आठवडा गेला माझा, बाबा. मामानं माझ्या राउटरचे कान पिरगाळले. मामी माझ्याशी बोलत नाही. आणि तो कंपनीवाला फोटो काढून घेऊन गेला."

"फोटो चांगला आला असेल," काका म्हणाले. मग ते उठून बसले. गुडघ्यावरची धूळ झटकायला लागले आणि झटकून झाली तरी झटकत राहिले. "तू गेलीस की घरात मी आणि तुझी आई उरतो. ते आम्हाला दोघांनाही झेपत नाही."

"मला झेपतं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"तिला झेपतं," काका म्हणाले. "मला नाही झेपत. राहा."

हा शेवटचा शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला की दुसऱ्या कुणाला तो ऐकू आला नसता. पण मुलीचा पोटापाण्याचा धंदाच तो होता. तिनं तो ऐकला. बॅग भिंतीला टेकवली, नव्या वायरीचं वेटोळं सोडवलं आणि एक टोक बापाच्या हातात दिलं.

"डबीत खोचा. आणि कुठेही ठोकायचं नाही."

दुसरं टोक घेऊन ती मागे गेली. वायर पुढच्या खोलीच्या मधोमध आडवीतिडवी पडली होती, वळणावर गोल फुगलेली, कुणीही अडखळून पडावं अशी. काका तिच्याकडे बघत उभे राहिले. हात शिवशिवत होते, म्हणून त्यांनी ते पाठीमागे बांधले.

आतून खुर्ची सरकल्याचा आणि कीबोर्डचा आवाज आला. मग तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. दार तिनं मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

"हो, झालं सुरू. अर्धी फाइल आलीसुद्धा. नाही, येत नाही मी. दे तिला जागा. कपडे मी येऊन नेईन कधीतरी, कपाटही तिला वापरू दे." ती थांबली, पलीकडचं ऐकलं. "गादी? गादीचं काय करायचं ते बघते, ती तर नवीनच घेतली होती मी. पाठवता येईल का गं?"

"ती तिथेच टाक म्हणावं," काका पुढच्या खोलीतून ओरडले. घरात कुणी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. काकू हातातली पळी घेऊन बाहेर आल्या. "दुकानातल्या गाद्यांत चिंध्या भरतात. मी उघडून बघितल्यात. गादी मी करतो."

आणि माप घ्यायची पट्टी शोधायला ते वळले, ते नेमके वायरीत पाय अडकून पडले.